मुद्दलाला हात लावण्याआधी



पंधरवड्यापूर्वी इंदूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, घरातलं जुनं फर्निचर घासून पॉलिश करायचंय. सँडर कुठला घेऊ? एक पाहून ठेवलाय, आठशे वॅटचा, बेल्टवाला. ऑफर उद्या रात्रीपर्यंतच आहे." मी त्याला म्हटलं, "ऑफर जाऊ दे. मी सविस्तर लिहून पाठवतो, मग ठरव." लिहायला बसलो आणि पत्र लांबत गेलं. मग वाटलं, हा त्याच्या एकट्याचा प्रश्न नाही. बडोदं, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, आपल्या सगळ्या जुन्या वस्त्यांत सध्या हेच चाललंय. वाडे रिकामे होतायत, मंडळी फ्लॅटात जातायत, आणि आजोबांच्या वेळचं सागवानी सामान लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्यात उभं आहे. त्याचं काय करायचं यावर घरोघरी वाद आहेत. म्हणून ते पत्र थोडं वाढवून इथे टाकतोय.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढे वाचायला नको. घरच्या जुन्या फर्निचरसाठी सँडर जरूर घ्या, पण सगळ्यात जोरदार घेऊ नका. जो सावकाश लाकूड काढतो तो घ्या. आणि पैसे देण्याआधी, घरातल्या कुठल्या वस्तूला ते मशीन मुळीच लावायचं नाही याची यादी करा. हे शहाणपण मला एक वस्तू बिघडवून आलंय.

मी सुतार नाही. एम. एस. युनिव्हर्सिटीचा बी.कॉम., छत्तीस वर्षं बँकेत. हातात पेन सोडून दुसरं हत्यार कधी धरलं नव्हतं. 2011 साली निवृत्त झालो. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या वाटण्या झाल्या होत्या. माझ्या वाटणीला आला पितळी कड्यांचा झोपाळा, आजोबांचं उतरतं डेस्क, संखेड्याच्या दोन खुर्च्या, सहा पाट आणि एक हिरवा ऑइलपेंट मारलेलं फडताळ. सगळं मांजलपूरच्या फ्लॅटात आणलं. मुलगा पुण्याहून आला होता, त्याने बघितलं आणि म्हणाला, "बाबा, हे सगळं विकून टाका, मी तुम्हाला नवीन सोफा घेऊन देतो." त्याचंही चुकलं नव्हतं. पॉलिश काळं पडलेलं, पाय डगमगणारे, झोपाळ्यावर चहाच्या कपांची पांढरी वर्तुळं. मला राग आला आणि रागाच्या भरात मी मशीन घ्यायला गेलो. कर्जाचे अर्ज तपासताना मी लोकांना नेहमी सांगायचो की रागात आणि घाईत सही करू नये. स्वतःच्या वेळी विसरलो.

दुकानदाराने तीन मशीनं पुढे ठेवली. मी वॅट बघितले, किंमत बघितली, भागाकार केला. रुपयाला सर्वांत जास्त वॅट बेल्टवाल्यात मिळत होते. दुकानदार म्हणाला, "साहेब, मोटुं ज लो, एक वारनो खर्चो." हिशेब चोख होता. फक्त चुकीच्या गोष्टीचा होता.

घरी आल्यावर पहिलं डेस्क घेतलं, कारण ते लहान. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीवर मांडी घालून लिहायचं, पुढे उतार असलेलं, वरचं झाकण उचललं की आत दौत-टाक आणि कागद ठेवायला जागा. आजोबा गायकवाड सरकारच्या दफ्तरात कारकून होते, त्यांचं ते. पुढे वडिलांनी वापरलं. मी बाल्कनीत ते ठेवलं, साठ नंबरचा पट्टा चढवला आणि बटण दाबलं. बेल्ट सँडरचा पट्टा एकाच दिशेने पळतो, मशीनच हाताला पुढे ओढतं. दोन्ही हातांनी दाबून धरलं. दहा मिनिटांत काळं पॉलिश गेलं, शाईचे डाग गेले, खालचा पिवळा साग दिसायला लागला. मी खुशीत सौ.ला हाक मारली. कडेला एका जागी क्षणभर थांबलो होतो तिथे बोटभर रुंद खड्डा पडला. तोही मग बाकीचं लाकूड खाली आणून "सपाट" केला.

दिवाळीनंतर ताई आली. डेस्क हॉलमध्ये मुद्दाम समोर ठेवलं होतं. तिने झाकणावर हात फिरवला, मग परत फिरवला. म्हणाली, "हे नवीन करून घेतलंस?"

"नाही गं, तेच आहे. मी घासलं."

ती काही बोलली नाही. ताई बोलत नाही तेव्हा काय समजायचं, ते धाकट्या भावाला सांगावं लागत नाही. रात्री जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "उजव्या बाजूला तिथे खळगा होता रे. बाबांचं मनगट टेकून टेकून पडलेला. मी अक्षरं गिरवायला बसले की माझा सगळा हात त्यात मावायचा."

मला तो खळगा आठवत होता. घासताना मी त्याला खराबी समजलो होतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चाललोय, आणि ती कॉमर्सवाल्यांना लगेच पटेल. जुन्या वस्तूचं लाकूड हे मुद्दल आहे. पॉलिश, तेल, मेण हे वरचेवर होणारे व्यवहार. आज काढलं, उद्या भरलं. पण सँडर लाकडाला लागला की प्रत्येक मिनिटाला मुद्दलातून पैसे काढणं सुरू होतं, आणि या खात्यात परत भरणा करायची सोय नाही. मग ज्या खात्यातून फक्त काढताच येतं, तिथे काढायचा वेग जास्त असलेलं मशीन चांगलं कसं?

आता मशीनांबद्दल. बाजारात नावं खूप, पण घरगुती कामाला लागणारे प्रकार चारच.

पहिला बेल्ट सँडर. त्याला मी शिव्या देत नाही. पावसाळ्यात फुगलेलं दार खालून कमी करायचं असेल, करवतीखालून आलेल्या कच्च्या फळ्या सपाट करायच्या असतील, तर तो कामाचा. जुन्या फर्निचरला लावू नका. त्याचाच वाईट भाऊ म्हणजे ग्राइंडरला काचकागदाची चकती लावणं. आपल्याकडे बरेच मिस्त्री हे करतात कारण ग्राइंडर त्यांच्या पेटीत असतोच. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो आणि लाकडात चंद्रकोरी कोरतो. पॉलिश होईपर्यंत त्या दिसत नाहीत. पॉलिश झाल्यावर उन्हात दिसतात. कामाला माणूस लावलात तर हे आधी विचारून घ्या.

दुसरा, तळहाताएवढा चौकोनी सँडर. त्याला बाजारातला साधा काचकागद चालतो. पूर्ण ताव घ्यायचा, चार तुकडे करायचे, क्लिपमध्ये अडकवायचा. कोपऱ्यापर्यंत जातो, स्वस्त असतो, आणि कागद कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. काम हळू करतो. कंपन मात्र हाताला जाणवतं.

तिसरा, गोल चकतीचा, ज्याला रँडम ऑर्बिटल म्हणतात. माझं मत यालाच. चकती साधारण 125 मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांची. ती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी अडीच-तीन मिलिमीटरच्या लहान वर्तुळात डोलतेही. त्यामुळे कागदाचा एक कण त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा जात नाही आणि ओरखडे उठून दिसत नाहीत. यातली गंमत अशी की चकतीचं फिरणं मोटरला घट्ट जखडलेलं नसतं, बेअरिंगवर ती मोकळी असते. तुम्ही जोर दिलात की फिरणं मंदावतं आणि नुसतं डोलणं उरतं. मग लाकडावर शेपटीसारखे बारीक गोल ओरखडे येतात. म्हणजे या मशीनला दाबलं तर ते काम बिघडवून तुम्हाला कळवतं. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला असंच मशीन हवं होतं.

चौथा, इस्त्रीसारख्या टोकाचा त्रिकोणी. खिडकीच्या चौकटी, खुर्चीच्या पाठीचे कोपरे यांना बरा. एवढ्यासाठी वेगळा घ्यायची गरज नाही, बोटाला कागद गुंडाळून तेच काम होतं.

गोल चकतीचा घ्यायचं ठरलं तर दुकानात काय बघायचं? वॅट शेवटी बघा, दोन-तीनशे घरी पुरतात. पहिलं बघा वेग कमी-जास्त करायचं चाक आहे का. दुसरं, धूळ ओढून घ्यायची पिशवी आहे का आणि घरातल्या व्हॅक्युमची नळी तिथे बसते का. तिसरं, दुकानातच चालू करून एक मिनिट हातात धरा. साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच. मुंग्या आल्या तर ते मशीन तुमचं नाही. चौथं, कार्बन ब्रश गावात मिळतो का. आणि पाचवं, जे मी विसरलो होतो, त्या चकतीचा कागद गावात मिळतो का. हा कागद मागे चिकटपट्टीवाला आणि भोकं पाडलेला असतो. कुणाला पाच भोकं लागतात, कुणाला आठ, आणि साध्या तावापेक्षा तो महाग पडतो. मशीन हा भांडवली खर्च, एकदाच होतो. कागद हा महसुली खर्च, तो चालू राहतो. लोक पहिला बघून खरेदी करतात आणि दुसऱ्याने हैराण होतात. मग कागद पुरवायचा म्हणून झिजलेल्यावरच दाबून घासतात, आणि पुन्हा त्या शेपट्या.

आता यादीकडे येतो, मशीन कुठे लावायचंच नाही त्याकडे.

संखेड्याचं काम. बडोद्यापासून जवळच्या या गावचे खरादी सागवानी पाय चरकावर फिरवून त्यावर रंग आणि लाख चढवतात. त्या खुर्चीची सगळी शोभा त्या वरच्या पातळ थरात असते. सँडर लावलात तर हातात साधी दांडकी उरतील. मऊ ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं, संपलं.

व्हीनिअर. प्लायवर लावलेला आजचा पत्रा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचा असतो. कडेला निरखून बघा, थर दिसला तर मशीन बाजूला ठेवा. सनमायका तर लाकूडच नाही, तिथे घासून काही मिळत नाही.

जुना ऑइलपेंट. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात 90 भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः हिरव्या, पिवळ्या, तांबड्या चकचकीत रंगात, शिसं असू शकतं. तो कोरडा घासलात तर ती धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या पोरांच्या पोटात जाते. त्यांच्या मेंदूला त्याचा धोका मोठ्यांहून जास्त. माझं हिरवं फडताळ मी आजतागायत घासलेलं नाही. रंग घट्ट होता, त्यावर नवीन रंगाचे दोन हात दिले. अगदीच पोपडे निघत असतील तर पाणी लावून वॉटरपेपरने हाताने, खाली प्लास्टिक अंथरून, पोरांना घराबाहेर पाठवून.

आणि फ्रेंच पॉलिश. आपल्या बहुतेक जुन्या सागवानी सामानावर चपड्याचं पॉलिश असतं, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या गोळीने चढवलेली. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरा. चिकट झालं तर चपडाच. त्यावर मशीन लावलं तर गरमीने लाख मऊ होते, दोन मिनिटांत कागद भरून जातो आणि तुम्ही दुकानदाराची धन करता. उलट स्पिरिट आणि फडक्याने ते सगळं निघून येतं, लाकूड रतीभरही कमी न होता. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ देवघरातला दिवासुद्धा नको, आणि स्पिरिट पूर्ण उडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीच मशीनची वायर लावा.

झोपाळा मी असाच केला, डेस्कनंतर दोन वर्षांनी. तोपर्यंत हिंमत होत नव्हती. तीन दिवस स्पिरिटने पुसण्यात गेले. झालं तेव्हा दिसलं की पाटाच्या तीन चतुर्थांश भागाला सँडरची गरजच नाही. कपांची वर्तुळं पॉलिशमध्येच होती, पॉलिशबरोबर गेली. फक्त एका टोकाला, जिथे वर्षानुवर्षं कुंडी ठेवलेली असायची, लाकूड काळं आणि खरखरीत होतं. तिथे आणि कडांना नवीन आणलेला गोल चकतीचा चालवला. 120 ने सुरुवात, मग 180, शेवटी 220. मधला नंबर गाळायचा नाही, कारण प्रत्येक कागद आधीच्याचे ओरखडे काढण्यासाठी असतो. 120 वरून थेट 320 वर उडी मारली की वरून गुळगुळीत लागतं आणि पॉलिश चढलं की खालचे सगळे ओरखडे हजेरी लावतात. प्रत्येक नंबरआधी पेन्सिलीने हलक्या रेघोट्या ओढायच्या. रेघोट्या गेल्या की थांबायचं. हात नुसता वर ठेवायचा, मशीनचं वजन पुरतं, आणि इंचाइंचाने सरकायचं. पाठीच्या खराद्याच्या दांड्या हाताने, कागदाची पट्टी करून, बूट पुसतात तशा. घासलेला भाग आधी फिका दिसला म्हणून मी घाबरलो होतो. पण साग उजेडात हळूहळू आपला रंग परत धरतो, सहा महिन्यांत तो भाग बाकीच्यात मिसळला.

नाकाला मास्क हवाच, साधा रुमाल नाही, एन-95. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलंय. शेवटी अळशीचं तेल लावणार असाल तर त्याची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. आणि दुपारी एक ते चार मशीन बंद. बडोद्यात दुपारची झोप मोडणाऱ्याला क्षमा नाही.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेत. आमचे पॉलिशवाले चाचा म्हणायचे, मशीन कशालाच नको, हाताला लाकूड कळतं, मशीनला कळत नाही. त्यांचं खरं आहे, पण त्यांचा हात माझ्याकडे नाही, आणि सत्तरीतल्या खांद्याने पाच फुटी पाट हाताने घासून होत नाही. मशीन नको म्हटलं तर आमच्यासारख्यांकडे तो झोपाळा भंगारातच जाईल. दुसरा आक्षेप मुलाचा. कागद, स्पिरिट, मशीन, पंधरा दिवस, एवढ्यात नवीन सोफा आला असता. हिशेबाने तोही बरोबर. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मागच्या मे महिन्यात तो आला तेव्हा लॅपटॉप घेऊन तीन तास झोपाळ्यावर होता, पायाने हळूच झोका देत. मी बघितलं आणि चहा ठेवायला आत गेलो.

भाच्याला पत्राच्या शेवटी लिहिलं, "मशीन नंतर. आधी आईच्या हातात एक खडू दे आणि तिला घरभर फिरव. ती जिथे खूण करेल तिथे काही लावायचं नाही. कारण विचारू नकोस." परवा त्याचा फोन आला. तक्रारीच्या सुरात म्हणाला, "मामा, आईने अर्ध्या कपाटावर खडू मारलाय. पोळपाट पण सोडला नाही. आता फक्त कपाटाचा माथा आणि दोन बाजू उरल्यात."

मी म्हटलं, "मग तेवढ्यापुरतं छोटं मशीन पुरे."

बेल्टवाला अजून माझ्याकडे माळ्यावर आहे. बडोद्यातल्या कुणाचं दार पावसाळ्यात अडकत असेल तर घेऊन जा. गोल चकतीचाही देईन, पण कागद आपापला आणा, आणि नेण्याआधी वस्तूचा फोटो दाखवा. डेस्क असेल तर आधी मी स्वतः येऊन बघेन.